पंचावन्न वेढे

सीलसाहेबांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. वीज कंपनीत मीटर तपासनीस म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. एवढ्या वर्षांत माणसं मीटरशी काय काय उद्योग करतात हे पाहिल्यावर दूधवाल्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. दाराची घंटा वाजली की ते आधी भोकातून पाहत, मग कोण आहे विचारत, आणि उत्तर मिळालं की पुन्हा एकदा भोकातून पाहत. गॅसची टाकी आली की घरच्या वजनकाट्यावर चढत असे. औषधांची चिठ्ठी एका दुकानात वाचून घेऊन ते औषधं दुसऱ्या दुकानातून आणत, म्हणजे दोघांचं संगनमत असलंच तर उघडं पडावं.

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य असे, "सील दाखवा." मीटर कुणी उघडलेलं नाही याची खूण म्हणजे ते सील. त्यावरून लोकांनी त्यांना सीलसाहेब केलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही.

नोकरीने त्यांना आणखी एक सवय लावली होती, ती भाषेची. तपासणीच्या अहवालात कुणी काही केलं असं लिहायचं नसतं. सगळं नुसतं 'आढळतं'. काच फुटलेली आढळली, तार जोडलेली आढळली, चकती थांबलेली आढळली. हीच भाषा ते घरी बोलत. हातून कप फुटला की स्वयंपाकघरातून गंभीर आवाज यायचा, "कप फुटलेला आढळला." बायको आतूनच विचारायची, "कुणाच्या हातात आढळला?" पस्तीस वर्षांच्या संसारात हा विनोद त्या दोघांनी हजारदा केला असेल, आणि हजारही वेळा त्यांना हसू आलं होतं.

बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून शेकडो लोकांची बोलणी जुळवायची आणि आपला आवाज जराही चढू द्यायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. दोन वर्षांपूर्वी मज्जातंतूंच्या दुखण्याने तिचे पाय गेले. ती आतल्या खोलीतल्या खाटेवर आली, पण खाटेवरून हाका मारणं तिला जमेना. हाका मारणं म्हणजे तिच्या लेखी भांडणच. तहान लागली तरी नवरा कधी डोकावतो याची वाट पाहत ती पडून राहायची.

लांब राहणाऱ्या लेकीच्या हे लक्षात आलं आणि तिने एक खेळण्यातला ट्रक पाठवला. निळा, हातभर लांब, मागे उघडा हौदा, आणि चालवायला हातात मावेल असा रिमोट. सीलसाहेबांनी खोकं चारही बाजूंनी तपासलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय असं पुटपुटले, आणि पुढच्या आठ दिवसांत त्यांच्या घराची रीत बदलून गेली. बायको चिठ्ठी लिहायची, ट्रकच्या हौद्यात टाकायची आणि खाटेवरून ट्रक सोडायची. ट्रक आतल्या खोलीतून निघायचा, गुरगुरत उंबरठा चढायचा, स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीत सीलसाहेबांच्या पायाला टक्कर द्यायचा. चिठ्ठीवर एक-दोनच शब्द असायचे. 'पाणी.' 'पंखा बंद.' 'या जरा.' पाण्याचा पेला, गोळ्या, वर्तमानपत्र, सगळं त्याच हौद्यातून आत जायचं. दुपारी दार उघडं असलं की ट्रक गॅलरीतून शेजारणीच्या दारापर्यंत जाऊन मासिकांची अदलाबदल करून यायचा. शेजारीण म्हणायची, आज बाई दोनदा येऊन गेल्या. खरंच, ते बाईंचं येणंजाणंच होतं.

आणि एका सकाळी ट्रक उंबरठ्यावर अर्धा चढला, जळका वास आला आणि तो तिथेच बसला. मोटार जळाली.

"ट्रक बंद पडलेला आढळला," सीलसाहेब म्हणाले. आतून काहीच उत्तर आलं नाही.

याला अकरा दिवस झाले होते. या अकरा दिवसांत तिने एकदाही पाणी मागितलं नव्हतं. नेऊन दिलं तर प्यायची. काय हवं विचारलं तर काही नको म्हणायची. मासिक उशाशी तसंच पडलं होतं, आणि दिवसाचा बराच वेळ ती भिंतीकडे तोंड करून असायची. सीलसाहेब तासातासाला आत डोकावायचे, पण मागितल्यावर देणं आणि न मागता देणं यात फरक असतो, आणि तो त्यांना आता कळत होता. त्यांना भीती वाटत होती, ट्रकसारखीच तीही उंबरठ्यावर थांबून बसेल याची.

तेव्हा मोटार आणणं भाग होतं. प्रश्न एवढाच होता की कुठली, आणि कुणाकडून.

आधी ते मोठ्या रस्त्यावरच्या, अशा गाड्यांच्या खास दुकानात गेले. काचेच्या कपाटांत मोटारी ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर आकडा. काउंटरवरच्या बाईने ट्रक उलटा करून पाहिला आणि सांगितलं की याच्यात एकवीस वेढ्यांची मोटार होती. तशीच घ्या, नाहीतर पंधराची घ्या, त्याहून जोरात पळेल. सीलसाहेबांनी किमती पाहिल्या. पंधरा वेढ्यांची मोटार एकवीसच्या मोटारीहून महाग होती.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. वेढे म्हणजे तांब्याची तार. वेढे कमी म्हणजे तांबं कमी, आणि तांबं कमी असून किंमत जास्त? शिवाय कमी वेढ्यांची गोष्ट त्यांना कुणी शिकवायला नको होती. जुन्या मीटरमध्ये लोक हेच करत. आतलं गुंडाळं उलगडून चार वेढे कमी भरले की चकती हळू फिरते आणि वीज फुकट जळते. कमी वेढे म्हणजे हळू, हे त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं. आणि ही बाई म्हणत होती, कमी वेढे म्हणजे जोरात. कुठेतरी नक्की पाणी मुरत होतं. बाईने समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली, कारण त्यांच्या अनुभवात खोटं बोलणाराच इतकं समजावून सांगतो. ते ट्रक बगलेत मारून बाहेर पडले.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "शेजारीण सांगत होती, मागच्या गल्लीत एक वाइंडिंगवाला आहे, जळक्या मोटारींत पुन्हा तार भरून देतो. हात चांगला आहे म्हणे त्याचा."

सीलसाहेबांनी हूं केलं आणि विषय बदलला. मागच्या गल्लीतला वाइंडिंगवाला त्यांना माहीत होता. इतका माहीत होता की बावीस वर्षांत त्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं; बाजारात जायला ते मुद्दाम लांबचा रस्ता धरत. का, ते त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं, आणि गुडघ्यांचा त्रास असलेला माणूस वळसा घालून का जातो, हे कोडं तिला पडलं नसेल असं काही सांगता येत नाही.

आणखी एक दिवस त्यांनी काढला. दुपारी आत डोकावले तर पाण्याचा पेला सकाळी ठेवला तसाच भरलेला. ट्रक बगलेत मारून, चपला घालून ते निघाले.

वाइंडिंगवाल्याचं दुकान म्हणजे दोन खाटा जेमतेम मावतील एवढी जागा. छताला उघड्या पंख्यांचे सांगाडे टांगलेले, कोपऱ्यात पाण्याच्या पंपांची पोटं फाडून ठेवलेली, आणि सगळीकडे वॉर्निशचा वास. तो स्वतः बाकावर बसून एका मोटारीच्या खाचांत कागदाच्या पट्ट्या सरकवत होता. केस पिकले होते, चष्मा आला होता, पण हात तेच होते. लांब बोटांचे, घाई नसलेले.

"या साहेब, बसा," तो म्हणाला, आणि पुन्हा पट्टी सरकवू लागला.

सीलसाहेब बसले नाहीत. याने मला ओळखलं का? ओळखलं असेल तर बोलत का नाही? ओळखलं नसेल तर साहेब का म्हणाला? सगळ्यांनाच साहेब म्हणत असेल. किंवा ओळखून ओळख दाखवत नसेल, आणि तसं असेल तर मनात काहीतरी शिजत असणार. त्यांनी ट्रक बाकावर ठेवला आणि मोटार हवी म्हणून सांगितलं.

वाइंडिंगवाल्याने मोटारीचा वास घेतला. मग त्याने असा प्रश्न विचारला जो मोठ्या दुकानात कुणी विचारला नव्हता. ही गाडी काय काम करते, असं त्याने विचारलं. सीलसाहेब जरा घुटमळले. शेवटी सांगितलं की घरात माल वाहते. पाण्याचा पेला, गोळ्या, वर्तमानपत्र. वाटेत काही आडवं येतं का? येतं, उंबरठा, दोन बोटं उंच. चालवतं कोण? माझी बायको, खाटेवरून.

वाइंडिंगवाला क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग उठून त्याने फळीवरचे दोन डबे काढले आणि त्यातला एक पुढे केला. "पंचावन्नची न्या. ही गाडी पळायला केलेली आहे, तुम्ही तिला वाहायला लावलीत. कमी वेढ्यांची मोटार पळते, पण ओझं घेऊन हळू चालवली की तापते आणि जळते. जास्त वेढे म्हणजे हळू, पण जोर."

किंमत मोठ्या दुकानातल्या सगळ्या मोटारींहून कमी होती. वाइंडिंगवाला म्हणाला की अशा दोनच आल्यात, एक दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली आहे. ही चालली नाही तर परत आणा, त्याची ती तुम्हाला देईन, त्याला थांबायला सांगेन.

यात संशय घेण्यासारखं काय होतं असं कुणी विचारेल. सीलसाहेबांच्या मते सगळंच. स्वस्त का? राखून ठेवलेली मोटार मला द्यायला हा तयार का? इतका भला का वागतोय? ज्या माणसाचं आपण वाईट केलं तो भला वागायला लागला की सगळ्यात जास्त भीती वाटते. त्यांनी मोटार खिशात घातली आणि वाटेत तीनदा थांबून ती काढून पाहिली.

कारण बावीस वर्षांपूर्वी झालं होतं ते असं. तेव्हा या माणसाचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं, हाताखाली दोन कामगार होते. सीलसाहेब तपासणीला गेले आणि मीटरची चकती त्यांना हळू वाटली. आता ज्याचा धंदाच वेढे भरण्याचा, त्याने मीटरमधले वेढे कमी केले नसतील तर कुणी केले असतील? नियम असा होता की मीटरचं सील तोडायचं ते दोन साक्षीदारांसमोर. पण साहेबांना धीर निघाला नाही. वाइंडिंगवाला त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेला होता, तेवढ्यात त्यांनी पक्कडीने सील कापलं, झाकण काढलं आणि आतले जाड तारेचे वेढे बोटाने मोजले. वेढे बरोबर होते. अगदी एकूण एक बरोबर होते.

पण सील तुटलं होतं, आणि तो पाण्याचा पेला घेऊन समोर उभा होता. साहेबांनी पेला घेतला, पाणी प्यायले, आणि अहवालात लिहिलं, 'सील तुटलेले आढळले.' वाक्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. वाइंडिंगवाल्याची वीज दोन महिने तोडली गेली. वीज नाही म्हणजे काम नाही; कामगार दुसरीकडे गेले, आणि वीजचोर हे नाव त्याला चिकटलं. त्याने अर्ज केले, हेलपाटे घातले, पण कागदावर सही-शिक्क्यानिशी आढळलेलं होतं. पुढे तो मागच्या गल्लीत आला. सीलसाहेबांना त्या वर्षी बढती मिळाली.

तर असं हे. आता ती मोटार टेबलावर, वर्तमानपत्राच्या कागदावर होती. बाजूला ट्रक पाय वर करून पडला होता. चार स्क्रू, दोन तारा, दहा मिनिटांचं काम. मोटारीवर स्वच्छ आकड्यांत पंचावन्न लिहिलं होतं.

पण लिहिलेल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? कागदावर खरं दिसणारं वाक्य कसं लिहितात हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं? त्याने आतले वेढे कमी केले असतील. आठवड्याने मोटार पुन्हा जळेल, बायको पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, आणि तो तिकडे बसून मिशीतल्या मिशीत हसेल. बसवून, चालवून बघावं हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. आला, पण हाताने तोवर पेचकस उचलला होता.

मोटारीच्या डबीचे पत्र्याचे दोन कान त्यांनी उचकटले. मागचं झाकण निघालं, आणि तीन दातांवर गुंडाळलेली लालसर तार समोर आली. ही काही मीटरमधली जाड तार नव्हती. एकावर एक थर होते, नुसत्या नजरेने मोजता येणं शक्य नव्हतं. त्यांनी एक टोक सोडवलं आणि पहिल्या दातावरची तार उलगडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पंचावन्न.

त्यांना बरं वाटलं, पण फार वेळ नाही. हुशार माणूस पहिला दात बरोबरच भरणार, लबाडी करायची ती दुसऱ्यावर. त्यांनी दुसरा उलगडला. पंचावन्न. आता उरला तिसरा, आणि तीन दातांतला तिसराच कुणी मोजत नाही हे चोराला ठाऊक असतं. त्यांनी तिसराही उलगडला. मोजताना त्यांचे ओठ हलत होते आणि कपाळावर घाम आला होता. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न.

कागदावर तारेचं भेंडोळं पडलं होतं. मोटार अगदी खरी होती, आणि आता मोटार राहिली नव्हती.

"बसवलीत?" आतून विचारणा झाली. बारा दिवसांत तिने आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. तिचे कान ऑपरेटरचे. स्क्रू फिरवल्याचा आणि पत्रा वाकवल्याचा आवाज यांत तिला फरक कळत असणार.

सीलसाहेब दारात जाऊन उभे राहिले. सवयीने तोंडातून निघून गेलं, "मोटार उघडलेली आढळली."

हसण्याची जागा होती, पण ती हसली नाही. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि संथ, सपाट आवाजात विचारलं, "कुणाच्या हातात आढळली?" उत्तराची वाट न पाहता ती पुन्हा भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीलसाहेब कागदाची पुडी घेऊन मागच्या गल्लीत निघाले. रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच वाक्य तयार होत होतं, आणि ते वाक्य फार सुरेख होतं. मोटार चालत नाही. एवढंच म्हणायचं. ती चालत नव्हती हे कुणीही मान्य केलं असतं. का चालत नाही ते पाहायला उघडली, तेव्हा आतली तार सुटलेली आढळली. बस. त्याने शब्द दिला होता, दुसरी मोटार तो देईल. दुपारपर्यंत ट्रक चालू होईल आणि ती पाणी मागेल. खरं सांगितलं तर तो हाकलून देईल, आणि मग पाणी कोण मागणार? इतकं सोपं होतं ते.

वाइंडिंगवाल्याने पुडी सोडली. भेंडोळं बाजूला करून त्याने उघडे तीन दात पाहिले, वाकलेले पत्र्याचे कान पाहिले. मग चष्म्यावरून नजर वर केली. "काय झालं हिला?"

बाकावर एक पाण्याचा पेला होता. तो त्याचा स्वतःचा होता, पण सीलसाहेबांची नजर त्यावर गेली आणि तिथेच खिळली. सुरेख वाक्य जिभेच्या टोकाशी आलं होतं.

"मी उघडली," ते म्हणाले. "वेढे मोजायला."

"किती भरले?"

"पंचावन्न. तिन्हीवर."

वाइंडिंगवाल्याने भेंडोळ्यातली तार बोटांत घेतली आणि सोडून दिली. मग त्याने विचारलं, "आणि तेव्हा?"

म्हणजे कालच ओळखलं होतं तर. कालपासून हेच कळावं म्हणून सीलसाहेबांच्या जिवाची उलघाल चालली होती, आणि आता कळलं तर त्याने काहीच फरक पडला नाही. "तेव्हाही बरोबर होते," ते म्हणाले. "सील मी तोडलं होतं. तुम्ही पाणी आणायला आत गेला होतात." त्या काळी ते याला अरेतुरे करत असत.

वाइंडिंगवाल्याने फळीवरून बिलबुक काढलं, एक कोरं पान फाडलं आणि पेनासकट पुढे सरकवलं. "लिहून द्या."

सीलसाहेब बसले. त्यांनी तारीख घातली, दुकानाचा जुना पत्ता लिहिला. मग लिहिलं, 'मीटरचे सील तुटलेले आढळ', आणि हात थांबला. ते आपल्याच अक्षराकडे बघत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बळजबरी केली नव्हती. हात आपोआप तिकडे गेला होता. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी ते सगळं खोडलं आणि खाली लिहिलं, 'सील मी तोडले. वेढे बरोबर होते. या माणसाने चोरी केली नव्हती.' आणि सही केली, पूर्वी करत तशी, पदासकट.

वाइंडिंगवाल्याने कागद दोनदा वाचला. मग पत्र्याच्या पेटीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. ती त्याच अहवालाची नक्कल होती. दोन्ही कागद त्याने टाचणीने एकत्र टोचले आणि दारासमोरच्या खिळ्याला लावले, येणाऱ्या गिऱ्हाइकाची पहिली नजर जाईल तिथे.

"दुसरी मोटार मी देणार नाही," वाइंडिंगवाला म्हणाला. "ती दुसऱ्याची आहे. हीच भरतो. मोजा तुम्ही."

त्याने बारीक तारेचं रीळ काढलं, मोकळे दात पुसून घेतले आणि पहिल्यावर तार फिरवायला लागला. सीलसाहेबांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की तो स्वतः मोजतच नाहीये. त्याचे ओठ हलत नव्हते. डोळे फक्त तारेवर होते. मी पंचावन्न म्हटलं की हा थांबणार. ही परीक्षा असेल, असं त्यांना वाटलं. मनातल्या मनात मोजत असेल. पण मग वाटलं, मोजत असला काय आणि नसला काय.

पहिला दात झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर, एकोणचाळीस की चाळीस, तिथे त्यांचं मन घरी गेलं. पेला सकाळी भरून ठेवला होता, तो प्यायली असेल का? भानावर आले तेव्हा तोंडाने ते पुढचे आकडे म्हणतच होते, पण मधला एक गेला होता की दोन, हे त्यांना सांगता येईना. आणखी थोडं रेटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. एका वेढ्याने ट्रक काही अडणार नव्हता.

"चुकलो," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

वाइंडिंगवाल्याचा हात थांबला. त्याने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तिसरा दात सगळा उलगडला आणि नवी तार लावली. "एक," सीलसाहेब म्हणाले.

मोटार घेऊन ते उठले तेव्हा त्याने बसा म्हटलं नाही, पुन्हा या असंही म्हटलं नाही. मजुरी मात्र नेहमीची घेतली.

दुपारी सीलसाहेबांनी चार स्क्रू आवळले, दोन तारा जोडल्या आणि ट्रक आतल्या खोलीत खाटेशी नेऊन ठेवला. रिमोट तिच्या हाताशी ठेवला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले. वर्तमानपत्र उघडलं, पण वाचलं नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग उंबरठ्याकडून गुरगुर ऐकू आली, आधीपेक्षा हळू, जाड आवाजाची. ट्रक उंबरठा चढला, पलीकडे उतरला, स्वयंपाकघर ओलांडून आला आणि त्यांच्या पायाला टेकला. हौद्यात चिठ्ठी होती. 'पाणी.'

त्यांनी पेला भरून हौद्यात ठेवला आणि ट्रकच्या मागोमाग तेही आत गेले. उंबरठ्यावर पेला कलला, पण सांडला नाही. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं; पक्कड, पाण्याचा पेला, अहवाल, बढती, खिळ्याला लावलेला कागद. आढळलं हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही, आणि तो टाळताना त्यांना दोन-तीनदा अडखळायला झालं. ती ऐकत होती, एकेक घोट पाणी पीत होती. मधे एकदा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान खाली घातली. सांगून झाल्यावर तिने पेला हौद्यात ठेवला.

"पेला रिकामा झालेला आढळला," ती म्हणाली.

सीलसाहेबांनी विचारलं, "कुणाच्या हातात?"

"माझ्या," ती म्हणाली. "आता दार उघडा. मला शेजारी जायचंय."